दोन खऱ्या, एक खोटी

तीस-बत्तीस वर्षं मी वायरमन होतो. आमच्या भागात लाईट गेली की लोक माझ्या घराकडं बघायचे. पावसापाण्यात खांबावर चढायचं, तुटलेली तार जोडायची, डीपीचा उडालेला फ्यूज घालायचा, आणि वरून खाली बघितलं की आख्ख्या आळीत एकदम दिवे लागलेले असायचे. बिघाड कुठंतरी असतोच, शोधला की सापडतो आणि सापडला की दुरुस्त होतो, एवढं एक शहाणपण मी त्या नोकरीतून घेऊन घरी आलो. रिटायर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या.

सुरुवातीला नुसती पायाला सूज होती. ती म्हणाली, कांद्याच्या काढणीत उकिडवं बसून आली असंल. मग तोंड सुजलं, जेवण जाईना, दोन पायऱ्या चढली तरी धाप लागायला लागली. मंचरच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "काका, आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस."

"किती दिवस?" मी विचारलं.

ते चष्मा उचलून पुसत बसले. तेवढ्यावरून मला कळलं.

मी माझी किडनी द्यायला तयार होतो. मला साखर निघाली, ती सुद्धा दहा वर्षं जुनी. डॉक्टरांनी हात वर केले. मुलगा चाकणला कंपनीत आहे, त्यानं फोनवर एका दमात सांगितलं, माझी घ्या. बायकोनं फोन माझ्या हातातून घेतला. "तुला दोन लहान लेकरं हायेत," ती म्हणाली. "तुझ्या अंगाला सुरी लावायची न्हाई. मी कागदावर सही करणार न्हाई." त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही.

मग सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी नऊला रिक्षा दारात यायची. अवसरी बुद्रुकवरून मंचर काही लांब नाही, पण खड्डा आला की ती माझा दंड घट्ट धरायची. दवाखान्यात आधी तिचं वजन करायचे. दोन दिवसांत अंगात किती पाणी साठलं ते त्यावरून कळायचं. मग हाताला दोन जाड सुया, दोन नळ्या, आणि चार तास ते मशीन घरघरत राहायचं. तिचं रक्त एका नळीतून जायचं, दुसरीतून यायचं. मला त्या नळीकडं बघवायचं नाही आणि दुसरीकडं बघायला जमायचं नाही.

सगळ्यात वाईट पाण्याचं होतं. दिवसाला एक लहान बाटली, त्यातच चहा, त्यातच औषधं. उन्हाळ्यात एका दुपारी मी बाहेरून आलो तर ती माठाजवळ उभी होती. हातात तांब्या. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं. मी तिच्या हातातून तांब्या काढून घेतला. ती जोर लावून धरून बसली असती तर बरं झालं असतं, पण तिनं लगेच सोडला. खाली बसली आणि लहान मुलासारखी रडली. दुसऱ्या दिवशी मी माठ उचलून शेजारी नेऊन ठेवला. चाळीस वर्षं जिच्या हातचं पाणी प्यालो तिच्यापासून मी पाणी लपवलं.

देवाचं मी रोज करायचो. अंघोळ झाली की देवपूजा, पोथीचा एक अध्याय, चतुर्थीला ओझरला गणपतीच्या दर्शनाला. नोकरीत असताना खांबावर चढायच्या आधी हात जोडायची सवय होती, तशीच ही पण सवय. तिचं दुखणं कळल्यावर मी ते सगळं वाढवलं. नवस बोललो, उपास धरले. मग हळूहळू मला वाटायला लागलं की हे आमच्या ऑफिसातल्या तक्रारीच्या रजिस्टरसारखं आहे. माणूस येतो, तक्रार लिहितो, सही करतो, घरी जाऊन वाट बघतो. वायरमन काही येत नाही. एका सकाळी मी देवघरापुढं बसलो आणि हात जोडायला उचललेच नाहीत. उठलो आणि पडवीत जाऊन बसलो. बायकोनं बघितलं. त्या दिवसापासून देवापुढचा दिवा तीच लावायला लागली, उभं राहवत नव्हतं तर भिंतीला धरून.

दवाखान्यात मी सगळ्यांना नकोसा झालो होतो. तिच्या कॉटजवळ उभा राहायचो आणि मशीनवरचे आकडे वाचायचो. आकडा हलला की सिस्टरला हाक. प्रेशर बरोबर आहे का? हा दिवा पिवळा का झाला? ही नळी इथं दुमडली तर नाही ना? आयुष्यभर मशीनशी संबंध आलेला माणूस, गप्प कसा बसणार? एक दिवस मी त्या मशीनच्या मागं वाकून वायर बघायला गेलो तेव्हा सिस्टरचा धीर सुटला.

"बाबा, तुम्ही बाहेर जाऊन बसा. खरंच. आजींना तुमच्यामुळं जास्त त्रास होतोय."

मला राग आला. मी बायकोकडं बघितलं, म्हटलं ही तरी माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "जावा की बाहेर. आन येताना माझ्यासाठी तीन गोष्टी बघून या."

"कसल्या गोष्टी?"

"कसल्या बी. बाहेर काय चाललंय ते. दोन खऱ्या सांगायच्या, एक खोटी. कोणची खोटी ते मी वळखणार."

"लहान हायेस का तू?"

"लहानपणी कळंबला नदीकाठी शेरडं राखायला जायचो आमी बहिणी," ती म्हणाली. "एक हिकडं, एक तिकडं. दुपारी भाकर खायला एकत्र बसलो की ह्योच खेळ. हरंल तिनं शेरडं वळवून आणायची. जावा आता."

मी बाहेर गेलो. दवाखान्याच्या मागं एक मोकळा प्लॉट होता. खडीचे दोन ढीग, रुईची झुडपं, एक बाभूळ, आणि टाकी भरून वाहिली की पाण्याची एक बारीक धार तिथं यायची. भिंतीच्या सावलीत बाकडं होतं. मी चार तास बाकड्यावर बसून काळजी केली आणि आत जाऊन सांगितलं, "एक रिक्षा उलटी वळली. एक बाई केळी घेत होती. आणि एक हत्ती गेला."

ती हसली, पण ते हसणं मला लागलं. "हत्ती! मंचरात! मी बघून या म्हणलं व्हतं, आठवून न्हाई."

शेजारच्या कॉटवरून कुणीतरी खोकत हसलं. मध्ये पडदा होता. तो बाजूला झाला तर एक काळासावळा, हडकुळा म्हातारा, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. डिंभ्याच्या धरणाच्या वर, डोंगरातल्या गावचा. भाताची शेती, थोडी नाचणी. पहाटे उठून दोन गाड्या बदलून यायचा. तो म्हणाला, "पावणं, हत्ती न्हाई खपायचा. जरा बारका जिन्नस आणा."

बुधवारी मी खरंच बघायला बसलो. पहिला तासभर काहीच दिसलं नाही. दिसत नाही म्हणजे काय, कावळे होते, साळुंक्या होत्या, पण कावळा म्हणजे मला एकच गोष्ट माहीत. उन्हाळ्यात ते तारेचे तुकडे आणून खांबावर घरटं करायचे, तार तारेला लागायची आणि लाईन उडायची. अशी किती घरटी मी बांबूनं खाली पाडली त्याची गणती नाही. काहींत पिलं असायची. मी उभी हयात मान वर करून काढली होती आणि वर मला फक्त बिघाड दिसला होता.

मग एक कावळा पोळीचा वाळका तुकडा घेऊन आला. धारेच्या डबक्यात त्यानं तो टाकला, इकडं तिकडं बघितलं, चोचीनं उलटा केला, थोडा थांबला आणि मऊ झाल्यावर खाल्ला. आपण चहात खारी बुडवतो तसं. मी पुढं सरकून बसलो. भिंतीला एक कुंभारमाशी चिखलाचं बोटभर मडकं करत होती. तिनं एक हिरवी अळी आणली, मडक्यात कोंबली, अळी मावेना, पुन्हा बाहेर काढली, पुन्हा कोंबली. मला ट्रंकेत गोधडी कोंबणारी माझी बायको आठवली. आणि बाभळीवर एक कोतवाल पक्षी होता, त्याची तर मी हुशारीच बघितली. खाली साळुंक्या किडे टिपत होत्या. कोतवालानं हुबेहूब शिकरा या शिकारी पाखरासारखी शीळ घातली. साळुंक्या घाबरून उडाल्या, आणि ह्यानं आरामात खाली येऊन त्यांचा किडा उचलला.

आत गेल्यावर मी कावळ्याचं सांगितलं, माशीचं सांगितलं, आणि तिसरं उलटं करून सांगितलं: साळुंकीनं शीळ घालून कोतवालाला फसवलं.

बायको विचारात पडली. "पोळीचं खोटं," ती म्हणाली. "कावळ्याला येवढा दम कुठला."

पडद्यामागून आवाज आला, "ताई, चुकला. साळुंकी कशाला कोतवालाला फशीवती? त्यानंच तिला फशीवलं आसंल."

"आवं, तुमाला कुणी इचारलं?" बायको म्हणाली, आणि तिघंही हसलो. सिस्टर येऊन बघून गेली.

असं ते सुरू झालं. मला वाटलं होतं चार दिवसांचा खेळ, पण तिनं तो सोडला नाही. रिक्षात बसली की म्हणायची, आज मी जिंकणार. मी पण तयारीनं जायला लागलो. खोटं रचायचं म्हणजे आधी खरं नीट बघावं लागतं, नाहीतर लगेच पकडलं जातं. भिंतीच्या कडेला मऊ मातीत नरसाळ्यासारखे खळगे होते. लहानपणी त्यांत गवताची काडी फिरवून आम्ही तळातला किडा वर काढायचो. मी तिथं उकिडवा बसून काडी फिरवत होतो तेव्हा एका पेशंटच्या बरोबर आलेली बाई जवळ आली. "बाबा, काय पडलं का तुमचं?"

"नाही, किडा बघतोय."

ती थोडं मागं सरकली आणि निघून गेली. मी काडी फिरवत राहिलो. माती हलली, एक मुंगी घसरली, खालून किड्याचे दोन चिमटे वर आले. माझं वय एकसष्ट.

मार्चमध्ये रुईच्या शेंगा फुटल्या. एका शुक्रवारी आम्ही भिंतीजवळ रिक्षाची वाट बघत उभे होतो. डायलिसिसनंतर ती अगदी पिळून काढल्यासारखी व्हायची, भिंतीला टेकून डोळे मिटून घ्यायची. तेवढ्यात एक म्हातारी तरंगत आली, पांढरी, रेशमासारखी, खाली बारीक बी. बायकोच्या नाकापुढून गेली. तिनं डोळे उघडले आणि फुंकर मारली. म्हातारी वर गेली, माझ्याकडं आली, मी फुंकर मारली. "पडू देऊ नका!" ती ओरडली. मग काय, मी पळतोय, वाकतोय, मान वर करून फुंकतोय, चप्पल निसटली. औषधाच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. म्हातारी तिच्याकडं गेली की ती जागच्या जागी उभी राहून फू करायची. चार-पाच वेळा केलं आणि तिला धाप लागली. ती पायरीवर बसली, हसतेय आणि श्वास पुरत नाही. मी तिची पाठ चोळत होतो आणि ती हातानं सांगत होती, तिकडं बघा, पडली, पडली.

त्या आठवड्यापासून मला एक गोष्ट जाणवायला लागली. बाकड्यावर बसलो की आधी माझ्या मनात एकसारखं तेच चालायचं: देवा, असं कर, देवा, तसं कर, आणि करत नसशील तर कशाला आहेस. आता तासन् तास मी काहीच मागत नव्हतो. मागायचं राहूनच जायचं. एका सकाळी अंघोळ करून आलो तर बायको दिवा लावायला भिंत धरून उठत होती. मी म्हटलं, थांब. मी वात घातली, काडी ओढली, बसलो. हात जोडले आणि मनात काही आलं नाही, ना तक्रार, ना अर्ज. बाहेर चिमण्यांचा गलका चालला होता तो ऐकत मी बसलो. याला भक्ती म्हणतात का मला माहीत नाही. पण उठलो तेव्हा छातीतलं काहीतरी सैल झालं होतं, एवढं खरं. दुखणं होतं तिथंच होतं. त्याच दिवशी तिचं वजन अडीच किलोनं जास्त भरलं.

एप्रिलच्या उन्हात प्लॉटवर टिटवी ओरडायला लागली. मी खडीच्या ढिगाजवळ गेलो की डोक्यावरून झेपा घ्यायची. लांब बसून लक्ष ठेवलं तेव्हा कळलं, खडीतच चार अंडी होती. खडीच्याच रंगाची, दोनदा बघून तिसऱ्यांदा दिसतील अशी. भर उन्हात टिटवी त्यांच्यावर बसायची. मधूनच उठायची, टाकीच्या धारेपाशी जायची, डबक्यात बसून पोटाची पिसं भिजवायची आणि तशीच ओली परत येऊन अंड्यांवर बसायची. असं मी एका सकाळी सात वेळा बघितलं. माझं तिथून उठणंच होईना.

आत जाऊन ते सांगितलं. बायको लगेच म्हणाली, "हे खोटं."

"खरं आहे."

"पाखरू पोटावर पाणी आणतं? काय बी सांगता."

पडदा सरकवून म्हाताऱ्यानं मान हलवली. "खरं हाय ताई. टिटवी पोट भिजवून आणती. आमच्याकडं नदीच्या वाळवंटात लई बघितलंय. अंडी उन्हानं शिजू नयेत म्हणून."

तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मग तिनं विचारलं, "किती लांबून आणती?"

"चाळीसेक पावलं."

"आन तुमी माझं पाणी शेजारच्या घरात नेऊन ठिवलं," ती म्हणाली.

ती हसत म्हणाली, पण मी काही हसलो नाही. म्हातारा पण हसला नाही. त्यानं पडदा हळूच ओढून घेतला.

तिचा पहिला प्रश्न मग टिटवीचाच असायचा. बसली का? किती वेळा गेली? कुत्रं तर येत नाही? मी जाडजूड दगड आणून अंड्यांपासून थोड्या अंतरावर आळं केलं. एकाही गोष्टीत मी बायकोसाठी काही करू शकत नव्हतो, निदान ही अंडी तरी राखू, असं माझ्या मनानं घेतलं असावं.

मे महिन्यात एका शुक्रवारी तिथं जेसीबी उभा होता. प्लॉट सपाट करून तिथं गाळे होणार होते. मी धावत गेलो आणि ड्रायव्हरला अंडी दाखवली. तरणा होता. खाली उतरला, वाकून बघितलं.

"काका, मला बी सकाळीच दिसली," तो म्हणाला. "पण आजच लेव्हल करायचं सांगितलंय. मी काय करू?"

"आठ-दहा दिवस थांबलं तर पिलं निघतील."

"मालकाला कसं सांगू? टिटवी बसलीय म्हणून काम बंद?"

तरी त्यानं एक केलं. तो ढीग सोडून बाकीचा प्लॉट सपाट केला. आम्ही घरी निघायच्या आत तो गेला. मधोमध खडीचं एक टेकाड राहिलं आणि त्यावर टिटवी. मी बायकोला सांगितलं, ड्रायव्हरनं जागा सोडली. ती म्हणाली, "त्याचं चांगलं व्हईल."

सोमवारी टेकाड होतं. अंडी नव्हती. टरफलं पण नव्हती. कुत्र्यानं नेली, मुंगसानं नेली की आणखी कशानं, काही कळायला मार्ग नव्हता. आडोशाची झुडपं गेली होती, सगळं उघडं पडलं होतं. दोन्ही टिटव्या सपाट मातीवरून ओरडत फिरत होत्या. एकदा एक धारेपाशी गेली, पोट भिजवलं, परत टेकाडावर येऊन उभी राहिली. बसली नाही. मी बाकड्यावर डोकं धरून बसलो.

आत जायची वेळ झाली. त्याच सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन दुसरंही एक सांगितलं होतं, की तिचं हृदय अशक्त झालंय, सुया टोचायची हाताची नस पण फार दिवस साथ देणार नाही, आणि तिला लगेच सांगायची गरज नाही. मी तिच्यापाशी गेलो. म्हटलं, "एक, जेसीबीच्या चाकाच्या खड्ड्यात पाणी साठलं आणि त्यात चिमण्या अंघोळ करत होत्या. दोन, बाभळीखाली सरड्याची अख्खी कात पडलेली होती. तीन, टिटवीची अंडी गेली."

तिसरं बोलताना माझा आवाज बदलला असणार. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तिसरी खोटी."

मला खरं सांगवलं नाही. मी म्हटलं, "जिंकलीस."



परतीच्या रिक्षात ती डोळे मिटून होती. मंचर मागं पडलं, दोन्ही बाजूंना ऊस लागला, तेव्हा डोळे न उघडताच म्हणाली, "सरड्याची कात कुठं पडलेली असती का अख्खी? ती तुमी मनानं घातली. मंजी अंडी गेली."

मी बाहेर बघत राहिलो.

"आवं, हिकडं बघा. लेक फोनवर गोड बोलतो. डॉक्टर गोड बोलतो. सूनबाई म्हणती, आई, तुमचा चेहरा किती छान झालाय. समदी माझ्याशी खोटं बोलत्यात. ह्यो एकच खेळ व्हता की तेच्यात खोटं किती हे मला आधीच ठावं असायचं. तुमी तो बी नासवला."

तिचा आवाज चढलेला नव्हता. ओरडली असती तर मी पण ओरडलो असतो. मी म्हटलं, "अंडी गेली. सकाळी गेलो तर नव्हती."

"आन?"

"आणि डॉक्टर म्हणाले, हृदय अशक्त झालंय. हाताची नस बंद पडायला आलीय."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "माझंच हाय ना हृदय." मग माझा हात घेऊन तिनं मांडीवर ठेवला आणि घर येईपर्यंत तो तिथंच राहू दिला. रिक्षावाला आरशातून बघत होता. मला रडू आलं ते मी लपवलं नाही.

पावसाळ्यात तिची नस खरंच बंद पडली. पुण्याला नेऊन मानेत नळी घालावी लागली, तीन आठवडे तिथं काढले. परत मंचरला आलो तेव्हा शेजारच्या कॉटवर एक वेगळीच बाई होती. मी सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "त्या बाबांनी डायलिसिस बंद केलं. घरच्यांनी खूप समजावलं. म्हणाले, भात पोटरीला आलाय, आता लोंब्या येतील, तो बघायचाय, रोजच्या गाडीत बसायचं नाही आता."

बायको म्हणाली, त्यांना फोन लावा. नंबर कुणाकडं नव्हता. त्यांचं नावसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं. मी त्यांना बाबा म्हणायचो, ते मला पावणं. एकदा धरणाच्या वर जाऊन शोधू असं मी म्हटलं, पण तिला सोडून दिवसभर जाता येईना, आणि वर कुठल्या वाडीत विचारणार? पुढं त्यांचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. बायको एवढंच म्हणाली, "भात चांगलं आलं असंल ह्या साली."

प्लॉटवर आता गाळे उभे राहिलेत. बाकडं काढून टाकलं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसतो, तिथून रस्ता दिसतो आणि एक गुलमोहर. तेवढ्यातही काही ना काही असतं. पण ती आता पुष्कळदा चारही तास झोपते. मी तीन गोष्टी घेऊन आत जातो आणि तिच्या कॉटजवळ उभा राहतो. तिला उठवत नाही.

परवाच्या शुक्रवारी माझ्याकडं काहीच नव्हतं. सकाळपासून तिचं प्रेशर खाली होतं आणि मी पायरीवर नुसता बसून राहिलो होतो, झाडाकडं डोळे होते पण काही दिसत नव्हतं. आत गेलो तर ती जागी. "सांगा," ती म्हणाली.

"आज काही बघितलं नाही."

"मग मी सांगते." तिला बोलायला वेळ लागत होता. "एक. त्या ट्यूबलाईटमागं पाल हाय. मशीन वाजलं की ती शेपूट हालवती. दोन. सिस्टर नळी जोडायच्या आधी ओठातल्या ओठात कायतरी म्हणती. तीन. खिडकीच्या जाळीतनं एक मुंगी रोज एकटीच येती आन एकटीच जाती."

मी वर बघितलं. ट्यूबमागं पाल खरंच होती, स्थिर, जशी भिंतीलाच काढलेली. "पालीची खोटी," मी म्हटलं.

"बघून सांगा. असं न्हाई चालत."

सिस्टरनं मला स्टूल दिलं. हल्ली ती मला बाहेर काढत नाही. मी स्टुलावर बसलो आणि पालीवर नजर लावली. पाऊण तास गेला. मशीन घरघरत होतं, बायको कधी माझ्याकडं बघायची, कधी वर. मान अवघडली तरी मी नजर काढली नाही. मग एकदम मशीनचा अलार्म वाजला आणि मी दचकून मशीनकडं बघितलं. नळीकडं, आकड्यांकडं, तिच्या तोंडाकडं. सिस्टर आली, एक बटण दाबलं, काही नाही म्हणाली.

बायको माझ्याकडं बघून हसत होती. "पालीकडं न्हाई ना बघितलं?" ती म्हणाली.